भुवईवरची खूण

सकाळचं ऊन अंगणात उतरायच्या आत माझ्या सासऱ्यांनी बूट पॉलिश केले, फडक्यानं पुसले, दाराशी जोडीनं ठेवले आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलून पॉलिशला घेतले. मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. बूट आधीच असे चमकत होते की त्यात माझी कपबशी दिसत होती.

"मामा, बास की आता," मी म्हणालो. "कर्नलसाहेब तोंडाकडं बघतील, पायाकडं नाही."

मामांनी बुटावर फडकं आणखी जोरानं फिरवलं. त्यांचं लक्ष परसात होतं. तिथं लिंबाखाली बाजेवर त्यांचे थोरले भाऊ आबा पडले होते. डॉक्टरांनी आबांना घरी न्यायला सांगून महिना झाला होता, म्हणजे त्यांच्याकडून आता कुणी कसली अपेक्षा धरत नव्हतं. आणि त्याच आबांनी आदल्या दिवशी जेवता जेवता सांगून टाकलं होतं की उद्या स्टेजवरून नाव पुकारलं की उठणार मी, आणि काय सांगायचं ते माइकवर सांगणार.

तेवढ्या एका वाक्यानं घर बसल्या जागी बसेनासं झालं होतं. मामा बूट घासत होते, सासूबाई भाकरी थापता थापता मध्येच उठून परसात डोकावत होत्या, आणि माझी बायको शालन घासलेली भांडी पुन्हा घासायला घेत होती. मी त्याच सकाळी कराडहून हार आणि पेढे घेऊन पोचलो होतो. घरात कार्य आहे की दुखवटा, मला उमजेना.

कार्य असं होतं. पासष्टच्या लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून निंबदरे गावच्या पंचायतीनं शाळेच्या पटांगणात एक काळा दगड उभा केला होता. गावातून लढाईवर गेलेल्यांची नावं त्यावर कोरली होती. जिल्ह्याहून कर्नलसाहेब येऊन तो उघडणार आणि जिवंत असलेल्यांना शाल देणार. जिवंत दोघंच उरले होते. एक पुण्याला लेकाकडं अंथरुणावर. म्हणजे सत्कार एकट्या मामांचाच. त्यांना सगळं गाव मेजर म्हणायचं. पलटणीत ते हवालदार होते, पण आमच्या भागात बढती द्यायला गावाला दिल्लीची परवानगी लागत नाही.

मी शालनला चुलीमागं गाठलं. "आबा कशाला उठतील? नाव तर तुझ्या वडलांचं पुकारणार."

"नाव आबांचं आहे," ती म्हणाली.

"हवालदार हैबती राऊ फडतरे. हे तुझे वडील ना?"

"हैबती म्हणजे आबा. आमचे अण्णा शिदू."

"आणि आपल्या लग्नपत्रिकेवर?"

"पत्रिकेवरही आबांचंच नाव होतं. अहो, हळू बोला."

पंचवीस वर्षं मी ज्या माणसाचा जावई म्हणून मान घेत होतो, तो कागदावर माझा चुलत सासरा निघाला. मला कळलं कसं नाही, तर त्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारतच नव्हतं. मेजर, आबा, अण्णा, दादा, एवढ्यावर संसार चालला होता.

शालननं भराभर सांगितलं. अण्णांना लहानपणी पलटणीचं वेड. वय भरेना. थोरल्या भावाचा शाळेचा दाखला आणि भरतीचा कागद चोरून ते पळाले आणि भावाच्या नावावर शिपाई झाले. आबांनी मोठं मन करून नाव सोडून दिलं, दोघांच्या वाट्याची शेती एकट्यानं ओढली. गावातल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होतं. चारचौघांत कुणी बोलत नसे, कारण बोललं की नोकरी जाणार, आणि पुढं पेन्शन. सरकारच्या लेखी हैबती फडतरे सीमेवर गोळ्या झाडत होता आणि त्याच वेळी निंबदऱ्यात बाजरी खुरपत होता. शिदू फडतरे नावाचा माणूस मात्र कुठंच नव्हता.

"म्हणून आई कधी उखाणा घेत नाही," शालन म्हणाली.

हे मात्र मी बघितलं होतं. हळदीकुंकू असो की बारसं, बायका गळ्यात पडल्या तरी मामी तोंडाला पदर लावून हसायच्या आणि बाजूला व्हायच्या. मला वाटायचं लाजतात. आता हिशेब लागला. नवऱ्याचं खरं नाव घ्यावं तर बोभाटा, आणि कागदावरचं घ्यावं तर थोरल्या दिराचं नाव तोंडात येतं. बिचारीला दोन्ही दारं बंद.

माझी मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. ढेप न फोडता आत काय भरलंय ते सांगायचं, हा माझा धंदा, आणि तीच खोड मला माणसांच्या बाबतीत लागली आहे. मी आबांची ढेप तिथल्या तिथं जोखली. जन्मभर नांगर ह्यानं हाकला, नाव ह्याचं वापरलं, आणि शाल भलत्याच्या खांद्यावर. मरायच्या आधी म्हाताऱ्याला आपल्या नावाची शाल हवी आहे. बस.

मामी पीठभरल्या हातानं बाहेर आल्या. "जावईबापू, तुमी बोला आबांशी. जावयाचा शब्द ते मोडायचं न्हाईत."

जावयाचा तेवढा एक उपयोग असतो. एरवी त्याला पाटावर बसवून सगळे कामाला जातात. मी परसात गेलो.

आबांनी डोळे न उघडताच विचारलं, "लाइट आली का?"

"नाही अजून."

"दुपारच्याला येती. कांद्याच्या रोपाला पाणी द्यायचं ऱ्हायलंय."

मी बाजेशेजारी पाटावर बसलो आणि गोड बोलायला लागलो. म्हणालो, आबा, मान तुमचाच आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. पण साहेबांच्या पुढं नाव निघालं तर चौकशी लागेल, ह्या वयात मेजरांना कोर्टकचेरी. शाल काय, मी कराडहून त्याहून भारी आणतो, घरातल्या घरात आपण तुमचा सत्कार करू.

आबा हसले. हसताना त्यांना धाप लागली. "शाल घिऊन मी काय करू, पाव्हणं? मला गोधडी हाय." मग उठून बसायला त्यांनी माझा हात मागितला. बसते झाल्यावर म्हणाले, "तुमी एकदा दिवाळीत एक इनोद केला व्हता. ध्यानात हाय का?"

होता. दोघा भावांच्या उजव्या भुवईवर एकाच जागी, एकाच आकाराचा वण. मी म्हणालो होतो की फडतऱ्यांच्यात जमिनीबरोबर जखमाही वारशानं मिळतात. पंगतीत कुणीच हसलं नव्हतं. मामांचा वण लढाईतला, असं मला नंतर सांगण्यात आलं होतं.

"माझा ह्यो मोटंच्या दोरानं झालाय, ल्हानपणी," आबा म्हणाले. "भरतीला मी गेल्तो, पाव्हणं. मी. शिदू न्हवं. पळालो, छाती फुगवली, पास झालो. फोटो कुटं व्हता तवा? त्येंनी अंगावरची खूण लिवून घेतली. उजव्या भुवईवर वण."

अडतीत एवढं कळतं की समोरचा बोलायला लागला की आपण बोलू नये.

"जायाच्या दिवशी आईनं ओवाळलं. गाव वेशीपतोर जमलं. आन मी कडब्याच्या गंजीत जाऊन शिरलो." ते लिंबाच्या बुंध्याकडं बघत होते. "चीनच्या लढाईवरनं गावातली दोन पोरं माघारी आली न्हवती. त्येंच्या आया रोज आमच्या दारावरनं पाण्याला जायच्या. मला भ्या वाटलं. आई हाका मारती, मी आत मुंडी घालून. शिदू सोळाचा. त्येनं मला हुडकलं. वढून काढलं न्हाई, का काय बोलला न्हाई. नुसतं म्हणला, दादा, कागुद कुटं ठेवलाय? आन माझं गठुळं उचलून गेला."

"मग तो वण?"

"पैल्या रजंला आला तवा दिसला मला. जेवाय बसलो व्हतो. चिमणीच्या उजेडात त्येचं कपाळ बघितलं. एस्टी स्टँडाच्या मागं दगड घिऊन फोडून घेतलं व्हतं त्येनं. पलटणीत इचारलं तर म्हणला, जुन्या वणावरच गाडीची खिडकी लागली." आबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मी ताटावरनं उठलो."

"आणि चोरून पळाला, हे कुणी सांगितलं?"

"त्येनंच. आईला तसंच कळवलं, आन मी कागुद हुडकत फिरत व्हतो असं गाव समजलं. तवापासनं त्यो चोर, मी देवमाणूस. लोक लग्नाकार्यात माझ्या पाया पडत्यात. येवढी वर्सं मी ते घेतलं, पाव्हणं. पर आता दगडावर हैबती कोरलाय. पाथरवटाला मी परवा हितं बलवून सांगितलं, खोड म्हणून. त्यो म्हणला, पंचायतीला इचारा. मी मरन, ही पोरं मरतील, तरी त्यो दगड सांगतच ऱ्हाणार की हैबती लढाईला गेला. हैबती गंजीत शिरला व्हता. शिदू गेला. येवढं एकदा गावाला ऐकवायचंय मला. मग खुशाल न्या."

शालीचा माझा अंदाज मी मुकाट्यानं गिळला आणि अंगणात परत आलो.

मामा आता बूट घालून उभे होते. ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते, वळत होते, परत येत होते. मी त्यांना म्हणालो, "आबांनी गंजीचं सांगितलं."

ते थांबले. "काय गरज व्हती त्येला," म्हणाले.

मला वाटलं होतं की त्यांना धास्ती आहे ती चौकशीची. ती होतीही थोडी. पण ते म्हणाले, "सरकार मला आत टाकंल तर टाकू दे. दोन येळचं खाया मिळंल. पर त्यो गावापुढं स्वतःला भित्रा म्हणणार. त्येनं नांगराला बैलाच्या जागी खांदा लावलाय दुष्काळात. माझी पोरगी त्येनं वाढवली. त्येला ह्या वयात कुणी हसलेलं मला चालायचं न्हाई."

"मग दगडावर नाव तरी तुमचं घालायला सांगा. घरचं नाव म्हणून, कंसात."

मामा पुन्हा चालायला लागले. ओट्याच्या टोकाला जाऊन, माझ्याकडं पाठ करून बोलले.

"जावईबापू, तिकडं एक पोरगा व्हता, गुणाजी, खाली कोकणातला. पोटात लागलं त्येला. एका कालव्याच्या काठाला पडला. मला हाका मारत व्हता. हैबत्या, पाणी दे. हैबत्या, जाऊ नको. मी त्येचं डोकं मांडीवर घिऊन बसलो, तवा बी हैबत्याच म्हणत गेला. शिदूला तिकडं कुणी वळखत न्हवतं. आता त्येला काय सांगू, तू दुसऱ्याच कुणाला हाका मारल्यास म्हणून? ते नाव मी खोडू देणार न्हाई."

म्हणजे थोरला म्हणत होता नाव खोडा, धाकटा म्हणत होता राहू द्या, आणि दोघंही तोटा आपल्याकडं ओढत होते. असा सौदा आमच्या यार्डात लागत नाही. मी हात टेकले.

मामी दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा परसाकडं, आणि कुणाला न सांगितल्यासारखं म्हणाल्या, "दोघं जन्मभर एका नावावर बसलेत. माझा इचार कुणी केला न्हाई." मग आत गेल्या. संदूक उघडल्याचा खडखडाट ऐकू आला. बाहेर आल्या त्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून.

आबांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालून शाळेत नेलं. त्यांना घरी ठेवायचं माझ्या मनात होतं, पण मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायला कुणी पुढं होईना. त्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची धरली, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी केली आणि तिच्यावर हात ठेवून बसले. शेजारी मामा, छातीवर पदकं. त्यांचा एक पाय सारखा हलत होता. मी मागच्या रांगेत दोघांच्या मधोमध बसलो. आबा उठायला लागले तर खांदा धरायचा, असं शालननं मला बजावलं होतं. आजारी माणसाचा खांदा गावादेखत कसा धरायचा, ते सांगितलं नव्हतं.

भाषणं झाली. सरपंच बोलले, ते संपवतील असं वाटलं की पुन्हा बोलले. तेवढ्या वेळात मामी पाणी प्यायला म्हणून उठल्या. पाण्याच्या माठापाशी शाळेच्या खरात मॅडम उभ्या होत्या. सूत्रसंचालन त्यांच्याकडं होतं. मामी त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मॅडम हसल्या. मला वाटलं, पंखा लावा म्हणाल्या असतील.

कर्नलसाहेबांनी दगडावरचं कापड ओढलं. काळ्या दगडात पांढरी अक्षरं. टाळ्या झाल्या. आबांनी टाळी वाजवली नाही. ते एकटक त्या दगडाकडं बघत होते.

मॅडम माइकवर आल्या. "आता आपल्या गावचे सुपुत्र, हवालदार हैबती राऊ फडतरे."

आबांचा हात काठीवर आवळला. मामांनी उठायला हवं होतं, पण ते खुर्चीला चिकटले होते. एकानं उठायचं ठरवलेलं, दुसऱ्याला उठवेना. टाळ्या सुरू झाल्या आणि कुणीच उठत नाही म्हणून विरळ झाल्या. कर्नलसाहेबांनी शाल हातात धरून पटांगणावर नजर फिरवली. आबा काठीवर भार देऊन पुढं झुकले. मी हात उचलला.

"आणि त्यांच्याबरोबर काकूंनीही यायचं आहे," मॅडम घाईनं म्हणाल्या. "काकूंनी आज नाव घ्यायचं कबूल केलंय. आधी नाव, मग शाल."

मामी उठल्याच होत्या. हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून सारखा करत त्या दोघा भावांच्या पुढून गेल्या, पायऱ्या चढल्या आणि माइकपुढं उभ्या राहिल्या. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. मामींना उखाणा घेताना त्या गावानं कधी बघितलं नव्हतं. माझा हात तसाच हवेत राहिला. आबाही अर्धवट उठलेले तसेच थांबले.

मामी माइकच्या फार जवळ गेल्या, त्यामुळं त्यांचा श्वास सगळ्या पटांगणाला ऐकू आला. मग त्या म्हणाल्या:

"एकानं धरला नांगर, एकानं धरली बंदूक,
शिदूरावांचं नाव घेते, आज उघडली संदूक."

तरुण पोरं एकमेकांकडं बघत होती, हा शिदू कोण म्हणून. मग बायकांच्या मागच्या रांगेतून एका म्हातारीचं बोळकं हसू आलं, आणि तिच्या पाठोपाठ जुन्या माणसांच्या सगळ्या रांगा हसायला लागल्या. डोळे पुसत हसायला लागल्या. ठाऊक असलेली गोष्ट पन्नास वर्षांनी उघड ऐकली की माणसं अशी हसतात.

कर्नलसाहेब सरपंचांकडं वळले. "शिदूराव?"

सरपंच पक्का माणूस. "घरचं नाव, साहेब. खेड्यात असतं तसं."

"असतं असतं," साहेब म्हणाले. "मला घरी अजून बंड्या म्हणतात." आणि ते सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले.

दगडावरचं नाव जागच्या जागी राहिलं, गावानं दुसरं ऐकलं, आणि गंजीचं कुणी काही बोललं नाही. मामींनी दोन ओळींत तिघांचंही भागवलं होतं. चौकशी करायला निघालेला कुठला साहेब बाईच्या उखाण्याला पुरावा मानणार? मी यार्डात एवढी वर्षं घालवली, पण असा सौदा मला कधी जमला नाही.

पण आबा अजून बसले नव्हते. ते काठीवर जोर देऊन पूर्ण उभे राहिले. हसणं एकदम थांबलं. मी मागून उठलो. शालन लांबून माझ्याकडं बघत होती. आबांनी माइककडं बघितलं नाही. दगडाकडंही नाही. ते शेजारच्या खुर्चीकडं वळले.

"शिदू," ते म्हणाले.

मामांनी वर बघितलं. पलटणीतून आल्यापासून आबांनी त्यांना ह्या नावानं हाक मारली नव्हती, हे शालननं मला नंतर सांगितलं.

"शिदू, जा, शाल घे. आन बिगीनं ये. लाइट आली असंल, मोटार चालू करायची हाय."

मामा उठले. हजेरीला उठावं तसे, टाचा जुळवून. "आलो, दादा," म्हणाले, आणि स्टेजकडं गेले. त्यांचा पाय हलायचा थांबला होता.

आबा त्या दिवाळीपर्यंत काही राहिले नाहीत. दोन वर्षांनी मामाही गेले. मामी आहेत. आता कुणीही म्हटलं की उखाणा घेतात, आणि तोच घेतात.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी मी पलीकडच्या वस्तीवर चाललो होतो. रस्ता नवा झालेला, मला काही उमगेना. मोटरसायकलवरच्या एका पोराला विचारलं.

"सरळ जावा," तो म्हणाला. "शिदूचा दगड लागंल. तिथनं डाव्या हाताला."

"शिदू कोण?" मी विचारलं.

"ठावं न्हाई. लढाईला गेलता कुणीतरी."

मी पुढं गेलो आणि शाळेपाशी गाडी थांबवली. दगड उन्हात तापला होता. मी सगळी नावं वाचली. त्यात शिदू कुठंच नव्हता.